खोड : अर्ध्या फियाटच्या नाटकाच्या नोंदी

१५ जून २०२५, रविवार

नव्या नाटकाची वही आजपासून. दोन अंक, सहा पात्रं, प्रयोग नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात, मिरजेला. विषय पक्का: मागच्या पिढीकडून आलेली एक फियाट, आणि तिच्यावर हक्क सांगणारी दोघं, जी भांडता भांडता एकमेकांची होतात.

विषय घरातूनच आला. अण्णा एप्रिलमध्ये गेले. दिवस झाल्यावर दादा आणि मी कागद घेऊन बसलो. घर, ठेवी, गावाकडची जमीन, सगळं पाऊण तासात मिटलं. गाडीवर मात्र रात्रीचे अकरा वाजले. दादा म्हणाला, "विकून टाकू. बोळात उभी राहून गंजेल." मी म्हणाले, "नाही." "मग तू चालवणार आहेस का?" "होय." आई आत पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. मी तोवर त्या गाडीच्या स्टिअरिंगला कधी हात लावला नव्हता.

गाडी १९७८ ची. कागदावर प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढं कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागल्या. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली, सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं. आमच्याकडं तिला पद्मिनी कुणी म्हणत नाही. तिच्या आधीची गोल पाठीची ती डुक्कर फियाट, आणि ही नुसती फियाट.

एक नियम आजच लिहून ठेवते. जुनी गाडी रंगमंचावर आणली की तिची टर उडवायची, धूर काढायचा, बंपर गळून पडायचा, ही सोपी वाट आहे. आपल्या नाटकात गाडीला हसायचं नाही. हसू दोघांच्या वागण्यातून आलं पाहिजे.

२२ जून, रविवार

कथेचा खुंटा सापडला, आणि तो आरटीओच्या कागदात सापडला. मालक वारला तर वारसानं ३० दिवसांत कळवायचं आणि ३ महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर घ्यायची. बाकीच्या वारसांची संमती लागते. आमचा फॉर्म भरून तयार आहे, दादाची सही नाही.

यावरून असं सुचलं: त्या काळी फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायला लागायची. दोन मित्र. एकाचा नंबर लागलाय पण पैसे कमी, दुसऱ्याकडं पैसे आहेत पण नंबर नाही. दोघं मिळून गाडी घेतात. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, एकाचंच नाव, आणि गाडीच्या कप्प्यात एक हातचिठ्ठी: ‘नाव तुझं, पैसे दोघांचे, बसायचं दोघांनी.’ दोन्ही मित्र गेले. एकाचा मुलगा सांगलीत गाडी पुसत बसलाय. दुसऱ्याची मुलगी रत्नागिरीहून चिठ्ठीची जोडप्रत घेऊन दारात उभी: "माझी अर्धी गाडी विकायचीय."

आरटीओत चिठ्ठीला किंमत नाही, हे त्याला माहीत आहे आणि तिलाही. तरी तो ती नाकारू शकत नाही, कारण अक्षर वडिलांचं आहे. सगळं नाटक या एका गोष्टीवर उभं राहील.

पात्रांना नावं अजून दिलेली नाहीत. वहीत ‘तो’ आणि ‘ती’.

६ जुलै, आषाढी

पहिल्या अंकाचे चार प्रवेश झाले. उपासाचं खाऊन लिहायला बसले ते दिवेलागणीला उठले. धक्का मारायचा प्रवेश फार छान झालाय: दोघं आत बसून भांडतायत, बाहेर शेजारी गाडी ढकलतायत, आणि दर वेळी भांडण रंगात आलं की ढकलणारे थांबून ऐकायला लागतात, मग गाडी थांबते. आत दोघांना वाटतं, गिअर पडला नाही.

२० जुलै, रविवार

पहिलं वाचन, आमच्याच माडीवर. आई कोपऱ्यात शेंगा फोडत बसली होती.

दुसऱ्या अंकात मी लिहिलं होतं: तो गिअर टाकतो, तिचा हात तिथंच असतो, हात हाताला लागतो. वाचून झालं. मंडळातली मुलं गप्प, म्हणजे आवडलं. आई म्हणाली, "आपल्या गाडीत गिअर खाली कुठं होता?"

खरंच की. अण्णांच्या गाडीत गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर आहे. पुढं दोन वेगळ्या खुर्च्या नाहीत, एकच सलग बाक, रेक्झिनचा. हँडब्रेकसुद्धा डॅशबोर्डखाली. दोघांच्या मधे काही म्हणजे काहीच नाही. शेवटच्या शेवटच्या पद्मिनींना गिअर खाली आला, बाकही तुटला. मी कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीतलं प्रेम लिहून बसले होते.

मग आई शेंगा फोडता फोडता बोलली. नवीन लग्न, घरात माणसं बारा, दोघांना बोलायला जागा नाही. संध्याकाळी गाडीतून चक्कर. "रेक्झिन गुळगुळीत. डावं वळण आलं की मी आपोआप सरकायची यांच्याकडं. उजवं आलं की दाराला. मला आधी कळलंच नाही. मग एकदा लक्षात आलं, हे उजवीकडं वळतच नाहीत. भाजीला निघालो की डावी, डावी, डावी, डावी, आणि परत आपल्याच बोळापाशी."

माडीवर कुणी बोलेना. नायिका करणारी मुलगी आईकडं बघत राहिली. मी वहीतलं ते हाताला हात लागण्याचं पान फाडून टाकलं.

नवा प्रवेश: तो तिला ‘गिऱ्हाईक दाखवायला’ घेऊन निघतो. चार डावी वळणं. ती तिसऱ्या वळणाला ओळखते आणि काही बोलत नाही. चौथ्याला म्हणते, "गिऱ्हाईक तुमच्याच बोळात राहतं वाटतं."

३ ऑगस्ट, रविवार

रंगमंचावर गाडी कशी आणायची? अण्णांच्या गाडीला हात लावायचा नाही हे सगळ्यांना न सांगता समजलं. पुठ्ठ्याची करू असं एकजण म्हणाला. दार लावल्याचा आवाज पुठ्ठ्यातून कसा येणार? फियाटचं दार लागतं ना, तेव्हा ‘धप’ होत नाही, ‘खट्ट’ होतं, आणि खिडकीची काच अर्धा क्षण मागून थरथरते. तो आवाज ज्यानं लहानपणी रात्री अंथरुणात ऐकलाय, त्याला वडील घरी आले हे त्यातून कळायचं. पुठ्ठा नको.

भंगारात एक सांगाडा मिळाला. इंजिन नाही, काचा नाहीत, चारही दारं शाबूत, बाक शाबूत. किलोच्या भावानं घेतला. मापं घेतली: लांबी १३ फुटांच्या आसपास. आख्खी गाडी ठेवली तर माणसांना जागा उरत नाही. कापायला लागणार. पुढचा बाक आणि बॉनेट एवढंच ठेवायचं, तोंड प्रेक्षकांकडं, म्हणजे दोघंही समोर दिसतील.

तेव्हा सुतारकाका, जे तालमीत कधी तोंड उघडत नाहीत, ते म्हणाले, "मागचा अर्धा टाकता कशाला? ती म्हणतीय ना अर्धी गाडी माझी. तिच्या घरात ठेवा की."

पुढचा अर्धा त्याच्याकडं, मागचा अर्धा तिच्याकडं. पहिल्या अंकात मागचं सीट तिच्या घरातला सोफा. शेवटच्या प्रवेशात दोन्ही अर्धे चाकांवरून येऊन जुळतात. मला ओरडावंसं वाटलं. दीड महिना मी शेवट शोधत होते.

१० ऑगस्ट, रविवार

गाडी कापली. लिहिताना सोपं वाटतं.

वेल्डरनं ग्राइंडर हातात घेतला आणि परत खाली ठेवला. म्हणाला, "ताई, ट्रकला खाली चासी असती, हिला नाही. हिची बॉडी हीच चासी. मधनं कापली की दोन्ही बाजू बसणार." म्हणून आधी खालून लोखंडी अँगलची चौकट जोडली, दोन भागांना दोन, प्रत्येकीला चार चाकं, आणि मग मधल्या खांबाच्या मागून काप घेतला. ठिणग्या उडत होत्या. निम्मी मुलं बघत होती, निम्मी बाहेर जाऊन उभी राहिली. नायक करणारा मुलगा, ज्याच्या घरी कधी चारचाकी नव्हती, तो बाहेर उभ्यांत होता.

कापल्यावर दाराच्या आतला मूळ रंग दिसला. वरून पांढरी रंगवलेली, आत फिकट निळी. कुणाची तरी निळी फियाट होती ती. नाटकात हिला निळीच रंगवायची.

२० ऑगस्ट, बुधवार

तालीम बंद. कोयना धरणातून विसर्ग वाढवलाय आणि सगळं गाव कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडं डोळे लावून बसलंय. ४५ फूट ही धोक्याची पातळी. अण्णांची गाडी काल रात्रीच मिस्त्रीचाचांच्या पोरानं सांगलीच्याच विश्रामबाग भागात नेऊन लावली, वालचंद कॉलेजच्या रस्त्याला. ज्या वालचंदांच्या कारखान्यात ती जुळली त्यांच्याच नावाच्या कॉलेजपाशी. अण्णा हे दर पुरात म्हणायचे: "माहेरी पाठवली."

२०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या वेळची गोष्ट आई दर पावसाळ्यात सांगते, आज परत सांगितली: "बोळात पाणी शिरायला लागलं. ह्यांनी काय केलं? आधी गाडी विश्रामबागेत नेऊन लावली. मग मला न्यायला आले. एवढ्या वर्षांच्या संसारात माझा नंबर दुसरा."

हे नाटकात घेतलं. ‘ती’ला तिच्या आईकडून कळतं की त्याचे वडीलही असेच होते, आधी गाडी. ती त्याला विचारते, "पूर आला तर आधी काय हलवणार?" आणि त्याला उत्तर येत नाही. प्रवेश लागतोय, पण कडू लागतोय. ही कॉमेडी आहे, इतकं कडू झालं तर दोघं परत जवळ येणार कशी? सोडवायचं राहिलंय.

(ऑगस्टातच २० वर्षांवरच्या मोटारींच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ५,००० चं १०,००० झालं. दादानं बातमी पाठवली, खाली काही न लिहिता.)

३१ ऑगस्ट, रविवार

गणपती. तालमीला निम्मीच मुलं. नाटकाला प्रयोगाआधी परवानगी देणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाकडं संहिता पाठवायची आहे म्हणून नाव ठरवायला बसलो. अकरा नावं आली, सगळ्यांत ‘गाडी’ होतं. एकही घेतलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

आज नाव मिळालं.

नायकाला खरी गाडी शिकवायची म्हणून चाचांना बोलावलं होतं. चाचा अण्णांच्या गाडीला तीस-पस्तीस वर्षं बघतायत. मुलगा स्कूटर चालवतो, मित्राची बिनगिअरची गाडी चालवतो. किल्ली फिरवली, सेल्फ कण्हला, गाडी उठेना. त्यानं ॲक्सिलरेटर दाबला. परत दाबला. पेट्रोलचा वास सुटला.

चाचा म्हणाले, "पाय काढ."

पोरगं दार उघडून खाली उतरलं आणि मान खाली घालून चालायला लागलं. त्याला वाटलं, निघ म्हणतायत.

चाचांनी त्याला हाक मारून परत बसवलं. "ॲक्सिलवरनं पाय काढ म्हटलं. चोक ओढलाय न्हवं? म्हंजे थंड इंजिनला पेट्रोल आधीच जादा जातंय. मग पाय लावायचा न्हाई. लावला की पेट्रोल जास्ती हुतंय, प्लग भिजतोय. आता थांब." आम्ही थांबलो. दहा मिनिटांनी चाचांनी चोक ओढला, दोन्ही पाय लांब ठेवले, ओठांतल्या ओठांत काही तरी पुटपुटले आणि किल्ली फिरवली. पहिल्याच हिसक्याला लागली. मी विचारलं, काय म्हणता? म्हणाले, "अण्णा मनातनं दहा आकडे म्हणायचे. म्या बी म्हणतो. धाला सुरू हुती. सातला हुत न्हाई."

"असं का?"

"खोड हाय. गाडीला खोड असती ताई. ती मोडायची नसती, सांभाळायची असती."

मी जागेवरच वही उघडली. खोड. बैलाला असते, माणसाला असते, जित्याची ती मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आणि तिचीच धाकटी बहीण खोडी, जी काढायची असते. पहिल्या अंकात दोघं एकमेकांच्या खोड्या काढतात, दुसऱ्यात एकमेकांची खोड ओळखतात. सगळं नाटक या दोन शब्दांच्या मधल्या अंतरात आहे, मला ते तीन महिने माहीत नव्हतं. प्रेमात पडणं म्हणजे मला तरी एवढंच ठाऊक आहे: समोरचं माणूस सातला सुरू होत नाही, दहाला होतं, हे कळणं, आणि आपण दहापर्यंत थांबणं.

‘पाय काढ’ही घेतलं, जसंच्या तसं. पहिल्या अंकात ती म्हणते, "पाय काढा," तो दुखावून स्वतःच्याच गाडीतून उतरून जातो, आणि ती आत एकटी बसून गाडी सुरू करते. तिला तिच्या वडिलांनी शिकवलेलं असतं. त्याला तोवर वाटत होतं, ही खोड जगात आपल्याला एकट्यालाच माहीत आहे.

नाटकाचं नाव ‘खोड’. उद्या संहिता जाईल.

२१ सप्टेंबर, रविवार

घाटाचा प्रवेश बसवला. आंबा घाट, वैशाखातली दुपार, रत्नागिरीला तिच्या आईला गाडी दाखवून परत येतायत. चढाला गाडी बंद. इथं खोड तिला माहीत आहे, त्याला नाही, कारण त्याच्या वडिलांनी उन्हाळ्यात कधी घाट चढवला नव्हता आणि तिच्या वडिलांचं सासर कोकणातलं.

ही खरी गोष्ट आहे, चाचांकडून दोनदा समजून घेतली. पेट्रोलचा पंप इंजिनच्या अंगाला बसवलेला. इंजिन तापलं की पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ढकलत बसतो आणि कार्बुरेटरला पेट्रोल पोचत नाही. उपाय: फडका पाण्यात भिजवून पंपावर ठेवायचा आणि थांबायचं. दुसरं काही नाही.

तिच्याकडं फडका नाही. ती ओढणी काढते, पाण्याची बाटली तिच्यावर रिकामी करते, बॉनेटखाली वाकून पंपाभोवती हलकेच गुंडाळते. चर्र होतं. तो म्हणतो, "प्यायचं पाणी होतं." ती म्हणते, "तिला जास्त तहान होती." मग दोघं बॉनेटला टेकून उभी, ओढणीतून वाफ निघतेय, आणि पहिल्यांदाच वडिलांविषयी बोलतात. तिचे वडील दवाखान्यात होते तेव्हा शुद्धीत येऊन विचारायचे, "हिला पाणी घातलं का?" सगळ्यांना वाटायचं, तुळशीला. ती रेडिएटरविषयी विचारतायत हे फक्त तिला कळायचं.

नायिकेनं आज हे वाक्य म्हणताना डोळ्यांत पाणी आणलं नाही. ओढणीचं टोक नुसतं पिळत राहिली. तसंच ठेवायचं.

२ ऑक्टोबर, दसरा

अण्णांशिवाय पहिला दसरा. गाडी चाचांच्या पोरानं आणून ठेवली होती, धुतली मी. झेंडूचं तोरण बॉनेटवर, चाकांना हळदकुंकू, लिंबं. डॅशबोर्डच्या पत्र्यावर अण्णांच्या अंगठ्याएवढी जागा रंग उडून उघडी पडलीय, चोकच्या बटणाच्या डाव्या अंगाला. चोक ओढताना अंगठा तिथं टेकायचा. सत्तेचाळीस वर्षं. मी माझा टेकवून पाहिला, जागा मोठी पडते.

मग बसले. चोक. पाय लांब. दहा आकडे. लागली. बोळाच्या तोंडापर्यंत नेली आणि मागं आणली. आई दारात ताम्हण घेऊन उभी. काही बोलली नाही, फक्त ओवाळताना गाडीला आधी ओवाळलं आणि मग मला.

आमच्या नाट्यमंडळाच्या अर्ध्या गाड्यांचीही पूजा झाली. दोन्ही अर्ध्यांना वेगवेगळे नारळ.

१९ ऑक्टोबर, रविवार

दोन अर्धे जुळत नाहीत. पुढचा भाग सरळ येतो, मागचा चाकांवरून तिरका पळतो, मधे चार बोटांची फट राहते. आज सहा वेळा करून पाहिलं. सुतारकाकांनी खाली लाकडी पट्टीचा मार्ग ठोकला तरी फट राहतेच. वेल्डर म्हणतो, कापताना पत्रा खाल्ला गेलाय, तेवढी फट राहणारच.

राहू दे. शेवटच्या प्रवेशात तिचं वाक्य बदललं. ती फटीकडं बघते आणि म्हणते, "एवढी चालेल."

परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आलं. आक्षेप एकही नाही.

५ नोव्हेंबर, मराठी रंगभूमी दिन

विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’चा हा दिवस, १८४३ चा, आपल्या सांगलीतला. त्या दिवशी तालीम ठेवायचीच असा आमच्या नाट्यमंडळाचा रिवाज.

सकाळी अण्णांच्या गाडीचे आवाज टिपून घेतले. दार, सेल्फ, हॉर्न, वायपर, पुढच्या त्रिकोणी काचेची कडी, रिकाम्या बाकाची करकर. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस कायमची हटली. दोन पिढ्यांनी हे आवाज रोज ऐकले आणि आता ते शोधायला लागतात. म्हणून जरुरीपेक्षा जास्त टिपले.

संध्याकाळी पुराचा प्रवेश. नायिका "तुमच्याकडं आधी गाडी, मग माणूस" हे इतकं जोरात बोलली की नायक खरंच मागं सरला. मी थांबवलं. प्रवेश तिथंच अडकतो, ऑगस्टपासून अडकतोय. आई तालमीला आली होती, चहाची किटली घेऊन. ती नायिकेपाशी गेली आणि तिलाच म्हणाली, मला नाही:

"अगं, इतकं नको ओरडू. पाणी उतरल्यावर आम्ही विश्रामबागेत गेलो. ह्यांनी गाडीची डिकी उघडली. आत माझं शिलाई मशीन, लोणच्याच्या दोन बरण्या, लग्नातला शालू आणि देव. ह्यांचा स्वतःचा एक सदरा नव्हता. पहाटे मी झोपले असताना भरलं होतं सगळं. गाडी लावून परत गुडघाभर पाण्यातून चालत आले, आणि मी दारातच बोलायला सुरुवात केली, मला टाकून गाडी घेऊन गेलात म्हणून. हे काही बोलले नाहीत."

"मग तुम्ही सॉरी म्हणालात?"

"नाही. दर पावसाळ्यात तेच बोलत राहिले. ह्यांना आवडायचं ते."

मी सहा वर्षं अर्धीच गोष्ट ऐकत होते.

आता त्याला उत्तर मिळालं. तोंडानं काही बोलायचं नाही. ती रागानं निघून जायला लागते, सामान घ्यायला मागच्या अर्ध्या गाडीची डिकी उघडते, आणि आत तिचं सगळं आधीच भरून ठेवलेलं असतं: बॅग, चप्पल, आईची औषधं, ओढणी धुऊन, घडी करून. तो कधी भरतो हे प्रेक्षकांना पहिल्या अंकापासून दिसत राहिलं पाहिजे, तिला नाही. रात्री घरी येऊन तीन प्रवेश दुरुस्त केले. दीड वाजला.

१६ नोव्हेंबर, रविवार

रंगीत तालीम. वेळ दोन तास दहा मिनिटं. डिकीचा प्रवेश लागला. ब्रेकचे दिवे लावायचे राहिलेत, नायकाच्या बुटाचा आवाज होतो.

२३ नोव्हेंबर, रविवार, प्रयोग

नाट्यगृह पाऊण भरलं. मागच्या रांगांत मिरज-सांगलीचे मिस्त्री, चाचांनी बोलावलेले.

पहिल्या दाराच्या ‘खट्ट’ला सभागृहातून एक हुंकार आला, ओळखीचा माणूस दिसल्यावर येतो तसा. धक्क्याच्या प्रवेशाला हसू थांबेना, नायकानं दोन वाक्यं गिळून सांभाळलं. ‘पाय काढा’ला त्याचा उतरून जायचा बेत असतो तिथं मिस्त्र्यांच्या रांगेतून कुणी तरी ओरडलं, "अरे ॲक्सिलवरनं!" सगळं नाट्यगृह फुटलं. नायिका क्षणभर थांबली, त्या दिशेला मान हलवली आणि किल्ली फिरवली. असं पंधरा तालमी करून बसवता येत नाही.

चार डाव्या वळणांना बायका आधी हसल्या, पुरुष नंतर.

घाटात ओढणीतून वाफ निघाली नाही. खाली ठेवलेलं कोरड्या बर्फाचं भांडं आधीच संपलं होतं. दोघांनी ओढणीकडं असं पाहिलं की वाफ आहे असंच वाटलं.

शेवटी दोन अर्धे आले, जुळले, फट राहिली. "एवढी चालेल" म्हणताना नायिका फटीतून पलीकडं त्याच्याकडं बघत होती, हे मी सांगितलेलं नव्हतं. तो पुढं बसला, ती शेजारी. त्यानं विचारलं, "पाय काढू?" ती म्हणाली, "फक्त ॲक्सिलरेटरवरनं." दोघांनी दहा आकडे म्हटले, ओठ हलताना दिसत होते, आवाज नाही. सहा-सातपर्यंत शांतता, मग प्रेक्षकांतून कुणी तरी हळूच आठ म्हटलं, नऊला बरेच आवाज होते. दहाला अण्णांच्या गाडीचं इंजिन लागलं.

दादा पुण्याहून आला होता. पडदा पडल्यावर आत आला नाही. बाहेर अण्णांच्या गाडीपाशी उभा होता, छतावर हात ठेवून.

२४ नोव्हेंबर, सोमवार

हिशेब लिहायचा राहिलाय. दोन्ही अर्धे चाचांच्या गॅरेजात ठेवलेत. इस्लामपूर आणि कोल्हापूरहून प्रयोगाची विचारणा आहे.

सकाळी सहाला सेल्फच्या आवाजानं जाग आली. खिडकीतून पाहिलं तर दादा गाडीत. कोणाला न सांगता किल्ली घेऊन गेला होता. सेल्फ कण्हत होता, गाडी लागत नव्हती, आणि तो ॲक्सिलरेटरवर ॲक्सिलरेटर मारत होता. मी जिन्याकडं वळले तोवर खालून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून, आईचा आवाज आला, साऱ्या बोळाला ऐकू जाईल असा:

"पाय काढ!"

दादानं पाय काढला. बराच वेळ काही झालं नाही. बोळात दूधवाला थांबून बघत होता. मग गाडी लागली.

तो दाराबाहेर गेला आणि डावीकडं वळला. दहा मिनिटांनी उजव्या हातानं परत आला. चहा घेताना फॉर्म ३१ मी त्याच्यापुढं ठेवला नाही, त्यानंही मागितला नाही. मुदत तशीही उलटून गेलीय. पुढच्या रविवारी परत येतो म्हणाला. तोवर मधे एकदा इंजिन चालू करून ठेव, म्हणाला, आणि २०२८ ला गाडीला ५० वर्षं होतात, तेव्हा व्हिंटेजची नोंदणी कशी करतात ते विचारून ठेव.